पाच खुणांचा शेला

ही फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्यांनी मला सांगितली त्यांनी ती आपल्या पणजीकडून ऐकली होती, आणि पणजीने कोणाकडून ऐकली हे तिलाही आठवत नव्हतं. तेव्हा थोरांनी आणि पोरांनी, दोघांनीही कान देऊन ऐकावं.

दोन टेकड्यांच्या मधे, नदीच्या काठी एक गाव होतं. गावात अक्षर कोणालाच वाचता येत नसे, पण शेला सगळ्यांना वाचता येई. रीतच तशी होती. ज्याने गावाचं एखादं काम अंगावर घेतलं, त्याच्या शेल्यावर त्या कामाची खूण रंगीत दोऱ्याने भरलेली असे. नावाड्याच्या शेल्यावर मासा होता. म्हणजे नदी कशीही असो, हा तुम्हाला पैलतीरी नेणार. कुंभाराच्या म्हातारीच्या पदरावर दिवा होता, कारण देवळात सांजवात तीच लावी. नदीपलीकडे एक वैदूबुवा राहत. त्यांच्या शेल्यावर एवढासा विंचू होता. गावात कोणाला विंचू चावला की माणसं तिकडे धावत.

ह्या खुणा भरायची ठकूबाई. सत्तरी गाठली तरी तिचा कशिद्याचा टाका सुटला नव्हता. तिची सुई टोकदार होती, आणि जीभ सुईहून टोकदार.

ह्याच गावात गोंदाजी नावाचा गृहस्थ राहत होता. चाळिशी उलटली होती. घरचं बरं होतं, ओसरी ऐसपैस होती, आणि त्या ओसरीवर लोडाला टेकून बसणे हा त्याचा उद्योग होता. त्याचा शेला कोरा करकरीत. लग्नकार्यात लोक एकमेकांचे शेले बघून "या, या, बसा" म्हणत. गोंदाजीचा शेला बघून नुसतंच "हं" म्हणत. ते "हं" त्याच्या फार जिव्हारी लागे.

एका वर्षी गावचे म्हातारे पाटील वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं. राजाचा सांगावा आला, "सुगी संपत आली की मी स्वतः येईन, आणि योग्य माणसाच्या हाती पाटीलकी देईन."

गोंदाजीने लोडावरची पाठ उचलली. बायकोला म्हणाला, "अगं, राजा परका माणूस. तो आम्हाला ओळखणार कसा? शेल्यावरूनच ना?"

त्याची बायको कोंडाबाई शेंगा फोडत बसली होती. तिने मान वर केली नाही. "शेल्यावरून, नाहीतर शेल्याच्या आत काय आहे त्यावरून," ती म्हणाली.

"आतलं कोणाला दिसतंय!" असं म्हणून गोंदाजी तडक ठकूबाईकडे गेला.

ठकूबाईने आपलं नमुन्यांचं जुनं फडकं त्याच्यापुढे पसरलं. तिच्या आजीच्या आजीपासूनच्या खुणा त्यावर होत्या. काही रोजच्या पाहण्यातल्या, काही इतक्या जुन्या की त्यांचा अर्थ आता म्हाताऱ्या बायांनाच ठाऊक.

गोंदाजीने मंडईत वांगी निवडावीत तसं बोट ठेवायला सुरुवात केली.

"हा वड काढ. चांगला पसरलेला. हा वाघही काढ. हा पोटाळू कोण?"

"रांजण आहे तो."

"भरलेला आहे ना? मग काढ. भरलेपण बरं दिसतं. आणि हा विंचू. नांगी वर हवी. वैदूच्या विंचवाहून मोठा काढ, बघणारा दचकला पाहिजे." मग त्याचं लक्ष फडक्याच्या कोपऱ्यात गेलं. "अरे वा! ही पालखी! ही तर हवीच."

ठकूबाईने डोळे बारीक केले. ती खूण गेल्या तीस वर्षांत कोणी मागितली नव्हती. "गोंदाजी, ही पालखी नव्हे रे, हा..."

"ठकूकाकू, मला पालखी कळत नाही होय?"

ठकूबाईने फडक्याची घडी घातली. मग म्हणाली, "बाबा रे, खूण काढून घेतली म्हणजे काम अंगावर घेतलं, असं गाव धरतं. एकेक खूण पेलताना माणसं वाकतात. तू पाच घेतोस?"

"कापडच आहे काकू. दोऱ्याने वजन वाढून वाढणार किती?"

"बरं," ठकूबाई म्हणाली, आणि तिने सुईत दोरा ओवला.

आठ दिवसांनी शेला तयार झाला. काठाला हिरवा वड, एका पदरावर पिवळा वाघ, दुसऱ्यावर तांबडा विंचू, मधे रांजण, आणि छातीवर बरोबर काळजापाशी ती निळी पालखी. गोंदाजी बाजाराच्या दिवशी शेला पांघरून निघाला. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला, आणि कोणी पाहायचं राहिलं असेल म्हणून परत आला.

लोकांनी शेला वाचला आणि ते थक्क झाले. "गोंदाजीभाऊ, एवढं सगळं तुम्ही एकटे करणार?" कोणी हात जोडले. म्हाताऱ्या बायांनी त्याच्यावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. गोंदाजी घरी आला तो दोन बोटं उंच होऊनच.

दुसऱ्या दिवशी उजाडलं. गोंदाजीने दार उघडलं तर ओसरीच्या पायरीशी एक रिकामा रांजण, आणि त्याच्यामागे शेताला निघालेल्या माणसांची रांग.

"हे काय?"

"पाणी," रांगेतला पहिला म्हणाला. "ज्याच्या शेल्यावर रांजण, त्याच्या दारी वाटसराला पाणी. फार बरं केलंत भाऊ, ह्या वाटेवर घोटभर मिळत नव्हतं."

आता राजा यायला अवघे काही दिवस. सगळ्या गावासमोर नाही कसं म्हणायचं? गोंदाजीने घागर उचलली. त्या दिवशी त्याने नदीच्या चाळीस खेपा केल्या. नदीकडे जाताना उतार असतो आणि येताना चढ, ही गोष्ट त्याला चाळीस वर्षांत प्रथमच कळली.

संध्याकाळी तो लोडाला टेकणार, इतक्यात अंगणातून आवाज आला, "वडाचं घर हेच ना?"

बाहेर एक दरवेशी उभा होता. त्याच्या हातात दोरी होती, आणि दोरीच्या टोकाला अस्वल.

"वेशीवर विचारलं, रात्रीचा आसरा कुठे? म्हणाले, वड गोंदाजींच्या शेल्यावर आहे. वडाखाली कोणालाही बसता येतं." दरवेशाने अस्वलाकडे वळून सांगितलं, "रंगे, पाया पड."

रंगी गोंदाजीच्या पाया पडली. मग ओसरीवर चढली, चारी बाजूंनी हुंगलं, आणि लोडाला टेकून बसली. गोंदाजी उंबऱ्यावर बसला.

"अगं, ते अस्वल आहे!" तो आत जाऊन कुजबुजला.

"दिसतंय मला," कोंडाबाई भाकरी थापत म्हणाली. "पाहुणा तो पाहुणा. तुमच्या मावसभावापेक्षा बरी. तीन भाकरी खाल्ल्या, पण कालवणाला नाव ठेवलं नाही." आणि दरवेशाचं ताट वाढून तिने त्याच्या फाटक्या सदऱ्याला दोन टाकेही घातले.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ढोल वाजवत पंधरावीस माणसं आली. "भाऊ, चला! ज्वारीत काहीतरी शिरलंय. वाघ तुमच्या शेल्यावर, तेव्हा तुम्ही पुढे."

"आणि तुम्ही?"

"आम्ही मागे आहोतच की," ती माणसं म्हणाली, आणि अर्ध्या वाटेवर खरोखरच मागे राहिली.

गोंदाजी हातात काठी घेऊन ज्वारीत शिरला. डोळे मिटून शिरला, कारण उघडे ठेवण्याची छाती नव्हती. पुढे काहीतरी सळसळलं. ऊन ऊन श्वास त्याच्या पोटऱ्यांवर आला. गोंदाजीने बोंब ठोकली आणि समोर जे झाड आलं त्यावर चढला. ती बाभळ होती. वरून डोळे उघडून बघतो तर खाली एक रेडकू उभं राहून त्याचा पडलेला शेला चाटत होतं.

घरी कोंडाबाई सुईने काटे काढायला बसली. एकूण सत्तावीस निघाले. "वाघोबा, हलू नका," ती म्हणे, आणि सुई घाली. गोंदाजी दात आवळून सोसत होता. राजा येईपर्यंत कळ काढायची, एवढंच त्याने मनाशी धरलं होतं.

पण तेवढ्यात कापणीला जोर चढला. दिवस उगवताच दारात परटाची सून उभी. काखेत पोर, कमरेला विळा.

"भाऊजी, कुठे ठेवू?"

"काय?"

"हे," म्हणून तिने पोर त्याच्या मांडीवर ठेवलं.

"माझ्यापाशी का?"

तिने त्याच्या छातीवरच्या निळ्या खुणेकडे बोट दाखवलं. गोंदाजी छाती काढून म्हणाला, "ती पालखी आहे."

"पालखी माणसं खांद्यावर नेतात, भाऊजी. ह्याला ओढायची दोरी आहे बघा. हा पाळणा. माझी सासू सांगते, पूर्वी सुगीत ज्याच्या शेल्यावर पाळणा, त्याच्या ओसरीवर गावची तान्ही पोरं असत. तीस वर्षांत कोणी घेतला नव्हता. तुमचे उपकार कसे फेडू?" आणि डोळ्यांना पदर लावून ती शेताकडे पळाली.

तिच्यामागून दुसरी आली. मग तिसरी. ऊन ओसरीवर येईतो गोंदाजीच्या भोवती अकरा पोरं होती. थोडा वेळ सगळी त्याच्याकडे बघत राहिली. मग एकाने ओठ काढला. दुसऱ्याने सूर लावला. आणि मग अकराही जणांनी असा काही टाहो फोडला, की रंगीने दोन्ही पंजे कानांवर ठेवले. एका रात्रीपुरता आलेला दरवेशी अजून मुक्कामालाच होता; तो बोचकं बांधत म्हणाला, "येतो आम्ही. आमच्या जनावराला गोंगाट सोसत नाही."

गोंदाजीने टाळ्या वाजवल्या. तोंडं वेडीवाकडी केली. दोन पोरं जास्तच घाबरली. शेवटी त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि पोरांच्या मधे बसून तो हेल काढून रडू लागला:

"पाण्यापायी मोडली कंबर, जो जो रे जो,
बाभळीने सोलली पाठ, जो जो रे जो,
कुठून सुचली बुद्धी बाई, जो जो रे जो..."

एक पोर गप्प झालं. गोंदाजीने चमकून पाहिलं आणि पुढे चालू ठेवलं. मानेचं दुखणं झालं, गुडघ्यांचं झालं, अस्वलाने बळकावलेल्या लोडाचं गाऱ्हाणं झालं. शेवटचं पोर झोपलं तेव्हा दुखायला अंगाचा एकही भाग उरला नव्हता. परटाच्या पोराने झोपेतही त्याचं बोट मुठीत धरलं होतं. गोंदाजीला हलता येईना. खरं सांगायचं तर हलावंसं वाटेना.

असे चार दिवस गेले. पोरं रोज येत, गोंदाजी रोज आपलं गाऱ्हाणं गाई.

पाचव्या दिवशी तिसऱ्या प्रहरी कुंभाराची सून पारू धावत आली. तिच्या हातांत तिची सात वर्षांची वेणू होती. गोवऱ्या उचलताना तिला विंचू चावला होता. लाल, मोठा विंचू. पोरीचं अंग घामाने भिजलं होतं आणि ओठ पांढरे पडले होते.

"भाऊजी, लवकर!" पारू धापा टाकत म्हणाली. "नदीपलीकडे जाणार होते, पण म्हटलं, आता विंचवाचा उतार आपल्याच गावात आहे. देवच पावला."

गोंदाजी मांडीवरचं पोर खाली ठेवून उठला. पाण्याच्या खेपा घालता आल्या होत्या, काटे सोसता आले होते. हे काय करायचं? क्षणभर त्याच्या मनात आलं, काहीतरी पुटपुटावं, फुंकर मारावी, राख लावावी. भोवती माणसं जमू लागली होती. परवा राजा येणार होता. तोंडाशी मंत्रासारखं काहीतरी आलंही.

तेवढ्यात वेणूने त्याचा शेला मुठीत धरला. तिची मूठ गार होती.

"पारू," गोंदाजी म्हणाला, आणि हे बोलायला त्याला चाळीस घागरींपेक्षा जास्त बळ लागलं, "मला काही येत नाही गं. विंचू दिसायला बरा वाटला म्हणून काढून घेतला."

पारूने त्याच्याकडे पाहिलं. ती शिव्या देती तर बरं झालं असतं. तिने वेणूला मागे ओढून घेतलं.

गोंदाजीने पोर उचलली. "कोंडे, ह्या बाळांना बघ!" एवढं ओरडून तो पळत सुटला. लोडावर बसणारा माणूस, पण त्या दिवशी त्याने वाटेतली कुंपणं पाहिली नाहीत. होडी पैलतीरी होती. तिची वाट न बघता तो पोरीला खांद्यावर घेऊन पाण्यात शिरला. छातीभर पाणी होतं. एकदा पाय सुटला, एकदा गुडघा फुटला, पण खांदा त्याने पाण्याला लागू दिला नाही.

वैदूबुवांनी पोर घेतली, पाला वाटला, काढा पाजला, तळवे चोळले. गोंदाजी दारात ओलाचिंब उभा होता. शेल्यावरच्या पाचही खुणा विसरून त्याने आकाशाकडे हात जोडले होते. दिवस मावळायला आला तेव्हा वेणूने डोळे उघडून पाणी मागितलं. मागून होडीने आलेली पारू तिच्याजवळ बसून रडू लागली.

वैदूबुवांनी हात धुतले आणि गोंदाजीचा शेला न्याहाळला. "तुझा विंचू माझ्याहून मोठा आहे रे. विष उतरवतोस का?"

"नाही बुवा," गोंदाजी मान खाली घालून म्हणाला, "चढवतो."

तिथून तो सरळ ठकूबाईकडे गेला. "उसव."

"कुठला?"

"सगळे."

ठकूबाईने शेला मांडीवर घेतला. तिने आधी विंचू उसवला, मग वाघ. वड गेला, रांजण गेला. पाळण्याला हात घालणार तोच दारातून आवाज आला, "खबरदार!" परटाची सून, तिच्यामागे आणखी दहा जणी, सगळ्यांच्या हातांत विळे. "बाकीचं काय ते उसवा, पाळण्याला हात लावू नका. पोरं ह्यांच्याशिवाय झोपत नाहीत. घरी आम्हाला ह्यांच्या गुडघ्यांची गाणी म्हणावी लागतात!"

ठकूबाईने सुई खाली ठेवली.

ठरल्या दिवशी राजा आला. देवळापुढे सगळं गाव शेले पांघरून उभं राहिलं. राजा एकेक खूण बघत बघत गोंदाजीपाशी थांबला.

"हा शेला उंदरांनी खाल्ला का?"

"नाही महाराज. ती सुईची भोकं आहेत. जे माझं नव्हतं ते काढून टाकलं."

राजा हसला आणि ओट्यावर जाऊन बसला. मग त्याने गावाला विचारलं, "मला एकच सांगा. अडचण आली की तुम्ही कोणाच्या दाराशी जाता?"

गेले कित्येक दिवस सगळे एकाच दाराशी जात होते. गाव एका सुरात म्हणालं, "गोंदाजीच्या!"

गोंदाजीचे कान तापले. राजा म्हणाला, "मग ठरलंच तर."

"महाराज," पारू पुढे आली. वेणू तिच्या कडेवर होती. "दार गोंदाजीभाऊजींचं आहे हे खरं. पण ते उघडते कोंडाबाई."

लोक हसले. मग हळूहळू हसायचे थांबले. अस्वलाला भाकरी कोणी घातली होती? वाटसरांची अंथरुणं कोणी टाकली होती? गोंदाजी नदीत शिरला त्या दुपारी अकरा पोरं कोणी सांभाळली, आणि होडी ऐलतीरी आण म्हणून नावाड्याला हाक कोणी घातली? पारू पलीकडे पोचली ती त्या हाकेमुळे.

"आहेत कुठे ह्या बाई?" राजाने विचारलं.

त्या बाई राजाच्याच घोड्यांना पाणी दाखवत होत्या. त्यांना बोलावून आणलं. हात ओले, पदर साधा. ठकूबाईकडे जाऊन खूण काढून घ्यायला तिला कधी सवडच झाली नव्हती.

राजा गोंदाजीकडे वळला. "तुला काय वाटतं?"

गोंदाजीने कोंडाबाईच्या ओल्या हातांकडे पाहिलं. "महाराज, वीस वर्षं घर ही चालवते, आणि मला वाटायचं मी चालवतो. गाव तिला जड नाही."

"अहो, काहीतरीच काय!" कोंडाबाई म्हणाली. पण राजाने पाटीलकीची काठी तिच्या हाती दिली. तिने ती नीट धरून पाहिली, आणि पाटलीण म्हणून पहिला हुकूम सोडला, "आधी पाहुण्यांची पानं वाढा. ऊन उतरायला लागलं."

पुढे कोंडाबाईने गाव असं चालवलं, की दोन भावांचं बांधावरचं भांडण चावडीपर्यंत येईतो मिटलेलं असे. आणि गोंदाजी? दर सुगीला त्याची ओसरी तान्ह्या पोरांनी भरे. परगावचा कोणी येऊन मोठ्याने विचारी, "पाटलीणबाईंचे यजमान ते तुम्हीच का?" गोंदाजी मान डोलवी आणि ओठांवर बोट ठेवी, कारण नुकता कोणाचा तरी डोळा लागलेला असे. ती पोरं मोठी झाली, त्यांनाही पोरं झाली, आणि तीही त्याच ओसरीवर, त्याच माणसाच्या मांडीवर निजली.

म्हणून थोरांनी आणि पोरांनी एवढं ध्यानात ठेवावं: मान अंगावर शिवून मिळत नाही, अंग झिजवून मिळतो.